निकाल नंतर सांगा, आधी पान सांगा

प्रिय ताई,

मी ४३ वर्षांची, सहकारी बँकेत नोकरी करते. कॉलेजनंतर वाचन सुटलं होतं, ते गेल्या वर्षी गावातल्या वाचनकट्ट्यामुळे पुन्हा सुरू झालं. महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण जमतो. गेल्या सहा महिन्यांत रणजित देसाईंची 'स्वामी' आणि विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचली. मुलीच्या आग्रहामुळे दोन इंग्रजी फँटसीही हातात घेतल्या, टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि उर्सुला ल ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'.

माझी मतं सगळ्यांच्या उलट पडली. 'स्वामी'चा शेवट मला सहन झाला नाही. रमाबाई सती जातात ते इतकं सुंदर करून का सांगितलंय, असं मी बैठकीत विचारलं. कादंबरीच वाईट आहे, असंही म्हणून गेले. सगळे गप्प झाले. आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "आजच्या चष्म्यातून इतिहास बघू नये. तुम्हाला तो काळच कळलेला नाही." 'पानिपत'ने झोप उडवली, पण लढाईची पानं मी भराभर उलटली. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. टॉल्किन तर मला जमलाच नाही. एलरॉन्डच्या सभेपर्यंत कशीबशी पोचले आणि पुस्तक मिटलं. मुलगी म्हणते, "आई, तुला ते कळलंच नाही." अर्थसी मात्र अतिशय आवडली, तर कट्ट्यावर "ती पोरांची पुस्तकं" असं ऐकून घ्यावं लागलं.

पुढच्या महिन्यात या चारही पुस्तकांवर पंधरा मिनिटं बोलण्याची पाळी माझी आहे. माझी मतं चुकीची आहेत का? बोलू, की नाव मागे घेऊ?

— एक वाचक

प्रिय मैत्रीण,

नाव मागे घेऊ नका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सहा महिन्यांत चार पुस्तकं वाचून चारही पुस्तकांशी ज्यांचं खरोखरचं भांडण किंवा मैत्री झाली, असे वाचक मला फार थोडे भेटले आहेत. आणि मला वाचक पुष्कळ भेटले. तालुक्याच्या गावच्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी ३१ वर्षं बसले. पुस्तक परत करताना माणूस काय बोलतो, हे ऐकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

त्या टेबलाची एक आठवण आधी सांगते. आमच्याकडे 'स्वामी'च्या चार प्रती होत्या. सगळ्यात जुनी प्रत तीनदा बांधून घेतलेली, निळ्या रेक्झिनची. बांधणीवाल्याने दर खेपेला कडा कापल्यामुळे समास बोटभरही उरला नव्हता. शेवटच्या प्रकरणात, थेऊरच्या त्या पानांवर, त्या उरल्यासुरल्या समासात पेन्सिलीने तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं, "धन्य ती माउली." आणि त्याच्याखाली, वेगळ्या हाताने, बारीक गोल अक्षरात, "तिला कुणी विचारलं होतं का?" वाचनालयाचा नियम असा की पुस्तकावर काही लिहिलेलं दिसलं की खोडायचं. खोडरबर माझ्या खणातच असायचं. त्या दोन ओळी मी कधी खोडल्या नाहीत. एकाच पानावर एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दुसरीच्या (मला नेहमी ती बाईच वाटत आली) छातीत काहीतरी अडकलं होतं. दोघंही तिथे थांबली होती. पान दोघांनाही लागलं होतं.

तुमचा प्रश्न तिचाच आहे. म्हणजे तो आज नव्याने निघालेला नाही, एवढं तरी मनाशी धरा.

आता काकांचं म्हणणं बघू. आजच्या चष्म्यातून इतिहास बघू नये, हे बरोबरच आहे, आणि ते टाकाऊ म्हणून मी बाजूला सारणार नाही. पण इतिहास आणि कादंबरी या दोन वस्तू आहेत. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने वारले, वय २७, आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास. तो तुम्हाला, मला किंवा रणजित देसाईंना बदलता येणार नाही. 'स्वामी' प्रसिद्ध झाली १९६२ साली. मधे १९० वर्षं गेली. त्या चितेकडे कुठे उभं राहून बघायचं, किती वेळ बघायचं, रमाबाईंच्या मनात शिरायचं की दुरून हात जोडायचे, हे सगळं १९६२ सालच्या एका लेखकाने ठरवलेलं आहे. त्या पात्रांची मऊ, काव्यमय मराठीसुद्धा देसाईंची आहे. पेशवेकाळातली पत्रं बघा, फारसी शब्दांनी गच्च भरलेली, "विनंती विशेष" म्हणून सुरू होणारी, रोखठोक. म्हणजे काकांच्याही डोळ्यांवर चष्मा आहेच, फक्त तो १९६२चा आहे. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या काळातूनच वाचतो. लेखकाने कुठे उभं राहायचं ठरवलं याबद्दल तुम्ही विचारलंत, आणि कादंबरीला विचारायचा तो अगदी रास्त प्रश्न आहे.

आणि एक गोष्ट काकांना जरूर सांगा, रागाने नको, माहिती म्हणून. "तो काळच तसा होता" हे वाक्य पेशव्यांच्या घराण्यालाच लागू पडत नाही. पहिले बाजीराव १७४० साली रावेरखेडीला गेले, काशीबाई मागे राहिल्या. नानासाहेब १७६१ साली पर्वतीवर गेले, गोपिकाबाई मागे राहिल्या, आणि राज्यकारभारावर त्यांची नजर पुढेही राहिली. रमाबाईंच्या त्या सख्ख्या सासूबाई. रमाबाईंनंतर वर्षाच्या आत नारायणरावांचा खून झाला, त्यांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या, त्याही राहिल्या आणि त्यांच्या पोटी सवाई माधवराव जन्मले. त्या वाड्यात विधवा होऊन जगलेल्या बायका होत्या, त्यातल्या काही रमाबाईंच्या डोळ्यांसमोर होत्या. म्हणून "तिला कुणी विचारलं होतं का, ती स्वतःला काय विचारत होती" हा प्रश्न १७७२ सालच्या शनिवारवाड्यातही उभा राहू शकत होता. कादंबरीने त्या प्रश्नापाशी थांबायचं टाळलं, असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मत तुम्ही बेधडक मांडा. माझंही तसंच आहे. शेवटची ती पानं मला सुंदर वाटतात आणि त्या सुंदरपणाचीच मला भीती वाटते.

पण एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. शेवट सहन झाला नाही म्हणून "कादंबरीच वाईट" हे तुम्ही घाईने म्हटलंत. बैठक गप्प झाली ती बहुधा प्रश्नाने नव्हे, या निकालाने. वडील गेल्यावर सोळाव्या वर्षी ज्याच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली, पानिपताच्या कर्जाखाली दबलेलं राज्य ज्याने उभं केलं आणि सगळा वेळ ज्याला सख्ख्या काकाशी, राघोबादादांशी, लढावं लागलं, त्या मुलाची ही गोष्ट आहे. आळेगावला १७६२मध्ये तो काकापुढे नमला आणि धोडपला १७६८मध्ये त्याच काकाला कैद करून त्याने शनिवारवाड्यात आणलं. मधल्या सहा वर्षांत त्या नात्याचं जे होतं ते 'स्वामी'त ज्या मायेने आणि ज्या ताणाने येतं, ते वाचून मला माझ्या माहेरच्या वाटण्या आठवतात. राघोबादादा खलनायक वाटत नाहीत, लोभी आणि प्रेमळ असा आपल्या घरातलाच एक माणूस वाटतात. ही पानं तुम्हीही वाचलीत. शेवटच्या रागात ती विसरू नका. ज्या पुस्तकाने एवढा राग आणला, त्याने त्याआधी तुम्हाला रमाबाईंवर जीव लावायला लावलेला असणार. नाहीतर त्या मेल्या म्हणून तुम्हाला एवढं का लागावं?

बैठकीत बोलताना एवढा एक फरक करा. "वाईट आहे" हा निकाल झाला. निकाल ऐकला की समोरचा माणूस एकतर वकील होतो नाहीतर गप्प बसतो. "मी अमुक पानावर थांबले" हे सांगितलंत तर समोरचा ते पान उघडतो. टेबलावर मी हेच करायचे. कुणी पुस्तक आपटून "बेकार" म्हणालं की विचारायचे, कुठवर वाचलंत? बहुतेक वेळा माणूस तिथेच उभ्याउभ्या पान काढून दाखवायचा, आणि मग पंधरा मिनिटं बोलत राहायचा. मागे रांग लागायची.

'पानिपत'मध्ये लढाईची पानं उलटली याची लाज वाटून घेऊ नका. झोप कशाने उडाली ते मात्र तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि मला तेच हवं होतं. माझा अंदाज सांगते. मला त्या पुस्तकाने जागं ठेवलं ते भुकेने. अडीच महिने मराठ्यांचा तळ पानिपतला अडकून पडला होता. फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६०मध्ये मारले गेले आणि धान्याची वाट बंद झाली. शेवटी फौजेतल्या लोकांनी भाऊसाहेबांपुढे येऊन सांगितलं की उपाशी मरण्यापेक्षा एकदा लढून मरू द्या. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या आसपासचे दिवस. आपण आजही "पानिपत झालं" म्हणतो, "विश्वास तर पानिपतावरच गेला" म्हणतो, इतकी ती तारीख आपल्या बोलण्यात मुरली आहे. पण तलवारी भिडायच्या आधी ती लढाई पोटात हरलेली होती. रणांगणाची पानं उलटून तुम्ही तळावरच्या चुलींपाशी थांबला असाल, तर तुम्ही पुस्तकाच्या मर्माशीच थांबलात. आणि असं नसेल, दुसऱ्याच कशाने झोप उडाली असेल, तर मला लिहा. अंदाज चुकला तर आनंदच होईल.

या दोन कादंबऱ्यांच्या पुढे तुम्ही तिसरी वाचावी असं मला फार वाटतं. ना. सं. इनामदारांची 'शिकस्त', १९८३ची. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तिची नायिका आहेत. त्या पानिपतावर होत्या. जानू भिंताडाने त्यांना तिथून सुखरूप काढलं, त्या पुण्याला पोचल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही. कपाळावरचं कुंकू पुसायला त्या तयार झाल्या नाहीत. पुढे भाऊसाहेबांचा एक तोतयाही उभा राहिला, बंड झालं, १७७६मध्ये त्याला देहदंड झाला, इतकं त्या न संपलेल्या मरणाचं सावट त्या घरावर होतं. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एकच वाडा, एकच दशक. एक बाई नवरा गेल्याचं मानत नाही आणि एक बाई नवऱ्याबरोबर जाते. तुमचा 'स्वामी'चा प्रश्न मला उत्तरासकट सोडवता येणार नाही, पण पार्वतीबाई वाचून आलात की तो प्रश्न मोठा होईल. काकांनाही ते पुस्तक सुचवा. त्यांनी ते आधीच वाचलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

आता फँटसी. कट्ट्यावर अर्थसीला पोरांचं पुस्तक म्हटलं गेलं. १९६८ साली ते कुमार वाचकांसाठीच लिहिलं गेलं, हे खरंच आहे. त्याने काय झालं? आपल्याकडची अर्धी शहाणपणाची भांडवल-पुंजी आजीने पोरांना सांगितलेल्या गोष्टींत साठवलेली आहे.

तुम्हाला ते पुस्तक इतकं का आवडलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्यापुरतं मी सांगू शकते. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा एक मुलगा. तेराव्या वर्षी तो थंडगार पाण्याच्या ओढ्यातून चालत पलीकडे जातो, आणि तिथे वाट बघत उभा असलेला त्याचा गुरू ओगियन त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगतो : गेड. लोक त्याला स्पॅरोहॉक म्हणतात, पण खरं नाव ज्याला ठाऊक त्याचा तुमच्यावर ताबा, म्हणून ते कुणाला सांगायचं नसतं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरातलं बारसं आलं. पाळण्यावर वाकलेली आत्या, बाळाच्या कानाशी तिचं तोंड, पाठीवर बायकांच्या हलक्या थापा, कुर्रर्र, आणि नाव आधी बाळाला कळतं, मग जगाला. माझ्या आजीने आयुष्यात आजोबांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही कुणी अडवून धरल्यावर. नावात काहीतरी असतं, ते उगाच उघड्यावर टाकायचं नसतं, हे आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. परक्या भाषेतल्या त्या बेटावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं ते यामुळे.

आणि त्या पुस्तकात जादू फुकट नाही. रोक बेटावरच्या शाळेत गेड गर्वाने मृताला हाक मारतो आणि जगाला एक भोक पडतं. ते बुजवायला म्हातारा मुख्य जादूगार नेमर्ल आपली सगळी शक्ती खर्च करतो आणि मरतो. एका पोराच्या मिजाशीची किंमत दुसऱ्याने भरली. त्यानंतरचा एक छोटा प्रसंग मला त्या सगळ्या वादळापेक्षा मोठा वाटतो. चेहऱ्यावर व्रण घेऊन, मान खाली घालून गेड पुन्हा शाळेत वावरू लागतो, कुणी त्याच्या वाटेला जात नाही. तेव्हा त्याचा मित्र व्हेच त्याला आपलं खरं नाव सांगतो. एस्टॅरिओल. बस्स, एवढंच. माझं नाव घे, माझ्यावर ताबा घे, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पोरांच्या पुस्तकात हे असतं! वाढत्या वयात असा एक मित्र मिळावा म्हणून माणूस जन्मभर वाट बघतो.

बैठकीत ही दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा. मराठीत भाषांतर करून, जमेल तसं, तुमच्या शब्दांत. ते ऐकून कुणी "पोरांचं" म्हणालं तर म्हणू द्या.

टॉल्किनच्या बाबतीत तुमची मुलगी आणि तुम्ही दोघींची समजूत मला काढायची आहे. तुम्ही एलरॉन्डच्या सभेत थांबलात. फार लोक तिथेच थांबतात. ते प्रकरण लांबलचक आहे, माणसं बसून बोलत असतात, आणि ज्यांची नावं अजून तोंडात बसलेली नाहीत अशा राजवंशांचा इतिहास सांगत असतात. तिथे पुस्तक मिटणं हा बुद्धीचा दोष नाही. मुलीला सांगा, "कळलं नाही" म्हणू नकोस, "तुला तिथे काय दिसलं ते मला दाखव" असं मी तुला म्हणते. मुलीला आईने असं विचारणं, यासारखी दुसरी गोष्ट नाही.

मला स्वतःला ते पुस्तक फार प्रिय आहे, ते का ते सांगते. त्यासाठी शेवट सांगावा लागेल. तुम्ही मिटलंच आहे, म्हणून सांगते. जग वाचवून चार हॉबिट, म्हणजे टॉल्किनची ती बुटकी माणसं, आपल्या गावी परत येतात, तर गाव ते गाव राहिलेलं नसतं. झाडं तोडलेली, माणसं घाबरलेली. आणि त्यांच्यातल्या ज्या फ्रोडोने सगळं सोसलं, तो त्या वाचवलेल्या गावात राहूच शकत नाही. जखम भरत नाही. टॉल्किन तरुणपणी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. आपले जिवलग मित्र, एक सोडून सगळे, १९१८पर्यंत गेले होते, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. सुरुवातीची ती संथ पानं, वाढदिवसाची जेवणावळ, बागा, तंबाखू, गावगप्पा, ती सगळी मला त्या शेवटासाठीच लागतात. ज्या गावावर जीव जडला नाही, ते गाव गमावल्याचं दुःख कसं व्हावं?

आणि इथे माझ्या मनात तुमचं 'पानिपत' पुन्हा येतं. पानिपतावरून जे परत आले त्यांचं काय झालं? महादजी शिंदे पायाची जखम घेऊन आले आणि जन्मभर लंगडत चालले. नाना फडणीस तरुण होते, जीव वाचवून पुण्याला पोचले, आई तिकडेच हरवली. पार्वतीबाईंचं वर सांगितलंच. आपल्याकडे फँटसी आणि ऐतिहासिक कादंबरी वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात, मीही ३१ वर्षं तशीच ठेवली. पण तुम्ही ती एकापाठोपाठ एक वाचलीत, आणि तुमच्या त्या सहा महिन्यांच्या यादीत मला एकच धागा दिसतो : लढाई संपल्यावर घरी काय उरतं. ज्या पानांनी तुम्हाला धरलं आणि ज्यांनी सोडलं, ती सगळी या धाग्याने बांधता येतात का, एकदा बघा. बघून नाही जमलं तर सोडून द्या. हा माझा धागा आहे, तुमचा वेगळा असेल.

जाता जाता, कुणी कट्ट्यावर फँटसीला परकी म्हणालंच, तर "कादंबरी" हा शब्दच आपण बाणभट्टाच्या एका अद्भुत कथेवरून उचलला आहे, याची आठवण द्या. तिथे राजाच्या दरबारात एक पोपट येऊन आपली जन्मकथा सांगतो, माणसं जन्म बदलून पुन्हा भेटतात. मराठीत हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, तीही अद्भुताच्याच वाटेने जाणारी, आणि पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची. अद्भुत आधी आलं. इतिहास मागून आला आणि घर त्याच्या नावावर झालं.

आता पंधरा मिनिटांचं. चारही पुस्तकं सारखी वाटून घ्यायला जाऊ नका, प्रत्येकाला पावणेचार मिनिटं मिळतील आणि कुणाचंच काही होणार नाही. 'स्वामी' आणि अर्थसी, एवढ्या दोनच पुस्तकांवर बोला. पुस्तकं हातात असू द्या, पानांत कागदाच्या पट्ट्या घालून ठेवा. 'स्वामी'चं एक पान असं काढा जे तुम्हाला मनापासून आवडलं, ते आधी वाचा. मग थेऊरचं. मग थांबा. विचारा, "इथे तुम्हाला काय झालं?" टॉल्किनबद्दल एकच वाक्य पुरे : इथवर वाचलं, इथे थांबले, मुलगी पुढे नेणार आहे. ते सांगायला धीर लागतो, पण एकदा कुणी सांगितलं की बाकीचेही आपापली अर्धवट सोडलेली पुस्तकं बाहेर काढतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

काकांचं एक राहिलं. ते तुमच्यावर चिडले असं तुम्हाला वाटलं असेल. मला पत्रातून एवढंच दिसतं की ते पुस्तक त्यांना फार जवळचं आहे. माझ्या टेबलावर त्या पिढीचे कितीतरी वाचक यायचे, ज्यांनी 'स्वामी' विशी-बाविशीत वाचली होती. कुणी आईला वाचून दाखवली होती, कुणी ती लग्नात बायकोला दिली होती. आणि त्यातल्या काहींच्या बायका आता नव्हत्या. बैठकीच्या दिवशी जरा लवकर जा, त्यांच्या शेजारची खुर्ची घ्या आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी विचारा, "काका, तुम्ही 'स्वामी' पहिल्यांदा कधी वाचली? तेव्हा घरी कोण कोण होतं?" मग ते काय सांगतात ते ऐका, आणि जमलं तर मला कळवा.